आधीची गोष्ट, पुन्हा तीच गोष्ट

दिवाळीत लेक पुण्याहून आली की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे चिवड्याचा डबा दुसऱ्याच दिवशी तळाला जातो, आणि दुसरी म्हणजे टीव्हीचा रिमोट आमच्या ह्यांच्या हातातून सुटतो. २०२५ च्या दिवाळीत तर तिने फर्मानच काढलं, "यंदा मालिका बंद. रोज रात्री एक सिनेमा. आणि तोही जोडीने बघायचा." मला वाटलं, नवरा-बायकोने जोडीने! मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे पेपर घेऊन आतल्या खोलीत पसार. "तसं नाही गं आई," लेक हसत म्हणाली, "सिनेमांची जोडी. आज मूळ सिनेमा, उद्या त्याचा रीमेक. किंवा आज पहिला सिनेमा आणि उद्या त्याचा प्रीक्वेल."

सासूबाई कडेला वाती वळत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण कान तिखट. "प्रीक्वेल म्हणजे काय गं?"

"म्हणजे आजी, आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीच्या आधी काय घडलं होतं, ते सांगणारा, पण नंतर काढलेला सिनेमा."

सासूबाईंनी हातातली वात खाली ठेवली. "म्हणजे कैकेयीचे दोन वर. वनवास सगळ्यांना माहीत असतो. पण लढाईत तिने दशरथाचा जीव वाचवला होता म्हणून ते वर मिळाले, हे कीर्तनकार मागाहून सांगतो. त्यात नवीन ते काय?"

लेकीची बोलतीच बंद!

तर मैत्रिणींनो, अशा रीतीने आम्ही तिघी, आजी, सून आणि नात, रोज रात्री जेवणं आटपून टीव्हीपुढे बसू लागलो. आम्ही काही समीक्षक नाही. कॅमेरा कुठून लावला आणि उजेड कुठून पाडला, त्यातलं आम्हाला कळत नाही. पण जोडीने सिनेमे बघण्याचा एक फायदा असतो. एकाच ताग्यातलं कापड दोन शिंप्यांकडे दिलं की कुणी कुठे कात्री लावली ते लगेच दिसतं ना, तसंच.

या दिवाळीत फराळाबरोबर आणखी एक विषय घरात होता. लेकीला सांगून आलेलं स्थळ. मुलगा पुण्यातच इंजिनीअर, आई-वडील लातूरला. मुलाची आई फोनवर म्हणाली होती, "नोकरी करू दे की, आमची काही हरकत नाही. फक्त घरचं सगळं बघून." मला तर बाई किती मोकळ्या मनाची माणसं, असं झालं होतं. लेक मात्र हो नाही, की नाही नाही. तो विषय तसाच लोंबकळत होता.

सुरुवात घरच्याच सिनेमाने केली. नागराज मंजुळेंचा 'सैराट', २०१६ चा. आम्ही बार्शीची माणसं. करमाळा आमच्याच सोलापूर जिल्ह्यातलं, रिंकू राजगुरू अकलूजची. त्यामुळे आर्ची बोलायला लागली की आपल्याच चुलत बहिणीची पोरगी बोलतेय असं वाटतं. बुलेट काय चालवते, ट्रॅक्टर काय चालवते! दुसऱ्या दिवशी त्याचा हिंदी रीमेक 'धडक', २०१८ चा. गोष्ट गेली उदयपूरला. हवेल्या, तळी, कपडे, सगळं देखणं. जान्हवी कपूर आणि ईशान खट्टरही गोड दिसतात. पण कात्री कुठे लागली ते अर्ध्या तासात कळलं. 'सैराट'मध्ये वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या थोबाडीत पाटलाचा पोरगा मारतो आणि कुणी काही करू शकत नाही. जात हा शब्दही न उच्चारता कोण कुठे उभा आहे ते आपल्या पोटात कळतं. 'धडक'मध्ये ती जात नावापुरती येते आणि जाते. उरतो श्रीमंत मुलगी आणि साधा मुलगा. तो तर आपण कितीदा बघितलाय.

शेवटही बदललाय. मराठीत दोघं मारली जातात आणि मागे राहतं ते लहान लेकरू. हिंदीत नवरा आणि बाळ मारले जातात आणि ती एकटी राहते. "ही वाचली ते बरं झालं ना आजी?" लेकीने विचारलं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाचली. पण पुढे ती काय करणार, ते कुठं दाखवलंय?" खरंच आहे. आपल्याकडे बाईच्या गोष्टी तिथेच संपतात, जिथे तिचं खरं आयुष्य सुरू होणार असतं. 'सैराट'चे कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली असेही रीमेक झाले आणि कन्नडमध्ये तर रिंकूच नायिका होती. एकच मुलगी तेच मरण दोन भाषांमध्ये मरली, हे ऐकून मला कसंसंच झालं.

मग रितेश देशमुखने दिग्दर्शित केलेला 'वेड'. २०२२ च्या अखेरीस आलेला हा सिनेमा 'मजिली' या २०१९ च्या तेलुगू सिनेमाचा रीमेक. नायिका म्हणून जिनिलियाचा हा पहिला मराठी सिनेमा. नवरा जुन्या प्रेमात हरवलेला, बायको मुकाट्याने त्याची वाट बघणारी. सासूबाईंचे डोळे भरून आले. "अशी माया पाहिजे," त्या म्हणाल्या. लेक फणकारली, "उलटं असतं तर? बायको जुन्या प्रेमात बुडालीय आणि नवरा वर्षानुवर्षं वाट बघतोय, असा सिनेमा चालला असता?" मी मध्ये बसलेली. मला दोघींचंही पटत होतं. मी डोळेही पुसले आणि मानही हलवली. मधल्या पिढीचं हे असंच असतं बघा.

खरी गंमत पुढे झाली. गंमत कसली, हादराच म्हणा. 'द ग्रेट इंडियन किचन' हा २०२१ चा मल्याळम सिनेमा, दिग्दर्शक जिओ बेबी. भाषा कळत नव्हती, पण खालच्या ओळी वाचायचीही फारशी गरज पडली नाही. भाज्या चिरणं, नारळ खवणं, वाटण, भांडी, ओटा पुसणं, पुन्हा चिरणं. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, आवाज फक्त स्वयंपाकघराचा. लग्न होऊन आलेली ती मुलगी नाच शिकलेली. त्या सिनेमात तिला नावच नाही. सासऱ्यांना दात घासायचा ब्रश हातात आणून द्यावा लागतो, भात चुलीवरचाच हवा, चटणी पाट्यावरचीच हवी. सिंकखालचा पाइप गळतोय, ती नवऱ्याला परत परत सांगते की प्लंबरला बोलव. तो 'हो' म्हणतो आणि विसरतो. कुणी तिला मारत नाही, कुणी ओरडतही नाही. सगळे कसे हळू आवाजात, गोड बोलतात. तीच तर भीती वाटते.

त्याचा हिंदी रीमेक 'मिसेस', आरती कडव यांनी दिग्दर्शित केलेला. २०२५ च्या फेब्रुवारीत तो ओटीटीवर आला. सान्या मल्होत्राने छान काम केलंय. इथे नायिकेला रिचा हे नाव मिळालं, नवरा डॉक्टर झाला आणि घर उत्तरेतलं झालं. बाकी सासऱ्यांची चटणी तीच! मिक्सरमधली त्यांच्या घशाखाली उतरत नाही. मात्र इथेही कात्री लागलीच. मल्याळममध्ये सासरा आणि नवरा शबरीमलाचं व्रत धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सर्व वयाच्या बायकांना त्या मंदिराची दारं उघडी केली, त्यावरून केरळात रण पेटलं, त्याचीच ती पार्श्वभूमी. मासिक पाळीच्या दिवसांत सुनेला बाजूला बसवलं जातं. हिंदीत शबरीमला जाऊन करवा चौथ आला. त्यामुळे सिनेमा सोपा झाला, पण त्याचा डंखही कमी झाला, असं मला वाटलं. लेकीचं मत वेगळं. ती म्हणाली, "मूळ सिनेमा माझ्या ऑफिसातल्या किती जणींनी बघितला? पण 'मिसेस' सगळ्यांनी बघितला, आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी सगळ्या त्यावरच बोलत होत्या." हेही खरंच की. रीमेकला नावं ठेवताना आपण हे विसरतो.

दोन्ही सिनेमांत एक गोष्ट मात्र तशीच ठेवलीय. मुलगी घर सोडून जाते आणि शेवटी त्याच स्वयंपाकघरात दुसरी नवी सून उभी असलेली दिसते. ओटा तोच, नवरा तोच, फक्त नायिका बदलली. लेक म्हणाली, "आई, हा बघ खरा रीमेक."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांची खुर्ची रिकामी होती. 'मिसेस' अर्धा झाला तेव्हाच त्या उठून आत गेल्या होत्या, आम्हाला कळलंच नव्हतं.

आता तुम्हाला एक खरं सांगायला हवं. आमचं लग्न १९९८ चं. माहेरून रुखवतात मिक्सर आला होता. सासूबाईंनी तो बघितला आणि माळ्यावर ठेवून दिला. आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी उखळात कुटायची, मिक्सरच्या चटणीला तेल सुटत नाही, असा त्यांचा दंडक. पहिल्या वर्षी माझ्या तळहाताला फोड आले होते. मी न्हाणीघरात जाऊन रडलेय. मिक्सर खाली आला तो लेक झाल्यावर, २००० मध्ये, तोही डॉक्टरांनी जड कामं नको म्हणून सांगितलं तेव्हा. पंचवीस वर्षं झाली या गोष्टीला, पण मनातून गेली नव्हती. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला मनातल्या मनात बरं वाटलं. म्हटलं, लागलं वाटतं बाईंना!

दुसऱ्या दिवशी कुणी त्यावर बोललं नाही. त्या रात्रीपासून प्रीक्वेलची पाळी होती.

शेजारच्या बंटूसाठी म्हणून 'मुफासा' लावला. 'लायन किंग' हा मूळचा १९९४ चा कार्टूनपट, २०१९ मध्ये त्याचा रीमेक झाला आणि २०२४ मध्ये त्या रीमेकचा प्रीक्वेल. हिंदीत मुफासाला आवाज शाहरुख खानचा. ज्या स्कारला आपण दुष्ट काका म्हणून ओळखतो, तो लहानपणी टाका नावाचं साधं पिल्लू होता. पुरात वाहून आलेल्या अनाथ मुफासाला त्यानेच जीव लावला होता. टाकाचा बाप मुफासाला घरात घेत नाही, 'बायकांत राहा' म्हणून सिंहिणींकडे पाठवतो. तिथे तो वास ओळखायला शिकतो, माग काढायला शिकतो, शिकार शिकतो. आणि राजपुत्र टाका नरांबरोबर झोपा काढायला आणि लबाडी करायला शिकतो. सासूबाई खुदकन हसल्या. "बायकांच्या हाताखाली वाढला तो राजा झाला. लिहून ठेव गं!"

पाडव्याला आम्ही थिएटरात जाऊन 'कांतारा चॅप्टर वन' बघितला. ऋषभ शेट्टीचा पहिला 'कांतारा' २०२२ चा. हा त्याच्या कितीतरी शतकं आधीचा, कदंब राजांच्या काळातला. जंगल, दैवं, लढाया, सगळं भव्य. पहिल्या सिनेमातली लीला वनखात्यात नोकरीला होती. इथली कनकवती थेट राजकन्या. रुक्मिणी वसंतने ती झोकात केलीय. आधी प्रेमळ वाटणारी ही मुलगी शेवटी खलनायिका निघते. बाहेर पडताना लेक म्हणाली, "अख्ख्या गावाची पूर्वकथा सांगितली, पण ही अशी का झाली, तिच्या मनात काय होतं, ते दोन वाक्यांत उरकलं." मला ते पटलं. प्रीक्वेलमध्येही कुणाच्या आधीची गोष्ट सांगायची, हे कुणीतरी ठरवतंच.

शेवटच्या रात्री 'विकेड' होता. 'विझार्ड ऑफ ओझ' या १९३९ च्या इंग्रजी सिनेमात एक हिरवी चेटकीण आहे. त्यातली छोटी डोरोथी तिच्यावर पाणी टाकते आणि ती विरघळून जाते. सगळ्यांना आनंद होतो, मेली एकदाची! पुढे ग्रेगरी मॅग्वायर या लेखकाने १९९५ मध्ये कादंबरी लिहिली, की ही बाई चेटकीण झाली कशी? त्यावरून २००३ मध्ये न्यूयॉर्कला संगीत नाटक आलं आणि २०२४ मध्ये सिनेमा. नाटकाची संहिता लिहिणारी विनी होल्झमन ही बाईच. सिनेमाही तिने आणि डेना फॉक्सने लिहिलाय. गोष्ट अशी, की एल्फाबा जन्मतःच हिरवी. बापालाच तिची लाज वाटते. शाळेत मुली हसतात. अंगात मात्र विलक्षण शक्ती. त्या राज्याचा जादूगार तिला बोलावून घेतो. तो मुळात पोकळ माणूस, आणि बोलणाऱ्या प्राण्यांचा आवाज बंद करायला त्याला हिची शक्ती हवी असते. ती नाही म्हणते. झालं, त्याच दिवशी दवंडी पिटली जाते, ही दुष्ट आहे. लेक आजीला एकेक वाक्य मराठीत सांगत होती.

सिनेमा संपला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ती मुळात वाईट नव्हती."

"नाही आजी."

"मग तिने कुणाला सांगितलं का नाही?"

"कोण ऐकणार होतं?"

त्यावर काही न बोलता त्या उठल्या. मी भांडी आवरायला आत गेले तर त्या ओट्यापाशी उभ्या. उखळाच्या कडेवरून हात फिरवत होत्या.

"मी अकरावी मॅट्रिक झालेले आहे, तुला माहितीये ना?" एवढं माहीत होतं. पुढचं नव्हतं. १९६५ मध्ये लग्न झालं आणि दोन महिन्यांत त्यांच्या नावाने नोकरीचा कागद आला होता. गावातल्याच शाळेत शिक्षिका म्हणून. "मामंजींनी वाचला. रागावले नाहीत हो. चांगलं आहे म्हणाले, बघू म्हणाले. आणि फडताळात ठेवला. दिवाळी होऊ दे, मग बघू. मूल होऊ दे, मग बघू." ते मूल म्हणजे आमचे हे. "कागद पिवळा पडला तरी फडताळातच होता. मीच एक दिवस पेटवण्याला घातला."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मग काय राहिलं माझ्याकडे? ही चटणी. शाळेत मुलांनी मला मानलं असतं की नसतं, देव जाणे. पण चटणीत माझा हात कुणी धरत नव्हतं. आख्ख्या गल्लीत नाव होतं. तू ते यंत्र घेऊन आलीस, तेव्हा वाटलं, आता हेही गेलं."

मैत्रिणींनो, सत्तावीस वर्षं एका ओट्याशी उभं राहून मला ही गोष्ट माहीत नव्हती. मी सासूबाईंचा सिनेमा मधूनच बघायला लागले होते आणि चेटकीण कोण ते ठरवूनही टाकलं होतं.

आता, पूर्वकथा कळली म्हणून सगळं माफ झालं, असं मी म्हणणार नाही. स्कारने लहानपणी जीव लावला होता म्हणून पुढे भावाला मारलेलं चालतं का? सासूबाईंचा कागद फडताळात राहिला, म्हणून माझ्या हातावरचे फोड खोटे ठरत नाहीत. दोन्ही खरं आहे. पण एक झालं. मनात इतकी वर्षं जो राग होता, तो त्यांच्यावरून उठला आणि त्या 'बघू' या शब्दावर जाऊन बसला. न ओरडता, न मारता, गोड आवाजात म्हटलेला 'बघू'. आणि लगेच मला लातूरचा फोन आठवला. 'आमची काही हरकत नाही, फक्त घरचं सगळं बघून.' मला मोकळ्या मनाचं वाटलेलं वाक्य ते हेच. आणि मी लेकीला काय सांगत होते? 'थोडं ॲडजस्ट करावं लागतं गं, सगळ्याच करतात.' म्हणजे नवी नायिका घेऊन तोच सिनेमा पुन्हा काढायला मीच निघाले होते.

सकाळी चहाच्या वेळी सासूबाई नातीला म्हणाल्या, "त्या मुलाला विचार, सकाळचा चहा तुमच्याकडे कोण करतं? आणि त्याच्या आईलाही विचार, तुम्हाला काय व्हायचं होतं?"

लेकीने दोन्ही विचारलं. चहाच्या प्रश्नावर मुलगा हसला आणि म्हणाला, पुण्यात मीच करतो, लातूरला गेलो की आई करते. उत्तर अर्धं पास म्हणायचं! आईला मात्र पटकन बोलता आलं नाही. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "मला हे कधी कुणी विचारलंच नाही." मग दोघी पाऊण तास फोनवर होत्या. काय बोलल्या ते लेकीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. स्थळाचं अजून काही ठरलेलं नाही. पण ठरलं तर निदान पूर्वकथा ऐकून ठरेल.

तुम्हीही करून बघा. सुट्टीत सिनेमे जोडीने बघा, आणि बघताना घरातल्या मोठ्या बाईला शेजारी बसवा. सिनेमा झाल्यावर टीव्ही लगेच बंद करून झोपायला जाऊ नका, दहा मिनिटं बसा.

जाताना लेकीबरोबर चटणी दिली, दोन डबे. एक उखळातली, सासूबाईंनी सांगितलेली आणि मी कुटलेली. एक मिक्सरची. डब्यांवर मुद्दाम नावं घातली नाहीत. चार दिवसांनी तिचा फोन आला, "दोन्ही सारख्याच लागतात गं." सासूबाईंनी स्पीकरवर ऐकलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "खोटं बोलतेय."

मी म्हटलं, "हो आई, खोटंच बोलतेय."